तीन गोळ्यांच्या गटावरून रायफल ‘ट्यून’ झाली, हे म्हणणे का टिकत नाही

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की हाताने काडतुसे भरणाऱ्यांमध्ये एक विधान दरवर्षी हातोहात फिरते. तिकडे स्थायिक होऊन शिकारीचा परवाना घेतलेल्या मराठी मंडळींपर्यंतही ते तितक्याच ठामपणे पोहोचते. विधान थोडक्यात असे आहे. प्रत्येक रायफलीचा एक ‘नोड’ असतो, म्हणजे पावडरचे एक असे वजन, ज्यावर ती नळी आपोआप अचूक होते. तो शोधण्यासाठी पावडर थोडी थोडी वाढवत दहा काडतुसे भरावीत, प्रत्येक एकदाच झाडावे आणि वेगमापकावर वेग जिथे वाढायचा थांबतो तो सपाट भाग पकडावा. मग त्या वजनावर शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा गट अर्ध्या इंचात आला की रायफल ट्यून झाली असे समजावे, आणि एखादी गोळी बाहेर गेली तर ती आपली चूक मानून सोडून द्यावी. खालच्यापेक्षा ‘वरचा नोड’ चांगला, कारण वेग जास्त मिळतो. दाब वाढला तर प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी काडतुसाच्या बुडातली छोटी वाटी, पाहून कळतोच. आणि अशी रायफल हाती असली की पाचशे यार्डांवरचे हरीणही निर्धास्तपणे घ्यावे, कारण कारखान्यातले काडतूस अशा भरणीची बरोबरी कधीच करू शकत नाही.

यातले एक वाक्य निरुपयोगी आहे, दुसरे दिशाभूल करणारे आहे आणि एक सरळ धोकादायक आहे. म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करणे मला आवश्यक वाटते. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार आज छंद म्हणून शिकार हा विषयच इथे उरलेला नाही. त्यामुळे पुढचे सर्व विवेचन जिथे हे दोन्ही कायदेशीर आहे तिथल्या, मुख्यतः अमेरिकेतल्या, वाचकांसाठी आहे, आणि त्यात कोणत्याही काडतुसासाठी पावडरचे वजन दिलेले नाही. ते फक्त छापील आणि दाबमापन केलेल्या तक्त्यातूनच घ्यायचे असते.

सुरुवात दहा गोळ्यांच्या शोधापासून करू. पावडर वाढवत एकेक गोळी झाडण्याची कल्पना जुनी आहे. क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शिडी चाचणी याच घराण्यातली. तीत लांबच्या कागदावर गोळ्या उंचीच्या दृष्टीने कुठे एकत्र येतात हे पाहिले जात असे. आज फिरणाऱ्या आवृत्तीत कागदाची जागा वेगमापकाने घेतली आहे आणि गोळ्यांची संख्या आणखी कमी झाली आहे. आता साधा हिशेब करून पाहू. .३०८ विंचेस्टरच्या आकाराच्या काडतुसात पावडर एका ग्रेनने (ग्रॅमच्या सुमारे पंधराव्या भागाने) वाढवली तर वेग ढोबळमानाने सेकंदाला ५० फुटांनी वाढतो, म्हणजे ०.२ ग्रेनच्या एका पायरीला सुमारे १० फूट. काळजीपूर्वक भरलेल्या काडतुसांतही एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत वेगाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) १० फुटांच्या आसपास असणे अगदी सामान्य आहे. दोन शेजारच्या पायऱ्यांवर एकेकच गोळी झाडली तर त्यांच्यातल्या फरकाचे विचलन जवळजवळ १४ फूट होते, आणि ज्या वाढीचा आपण शोध घेत आहोत ती मात्र फक्त १० फुटांची असते. परिणामी, वेग खरोखर सरळ रेषेत वाढत असला तरी चारपैकी सुमारे एका पायरीवर तो वाढलेला दिसणार नाही, किंबहुना घटलेला दिसेल. दहा काडतुसांमध्ये नऊ पायऱ्या असतात, म्हणजे सरासरी दोन ठिकाणी ‘सपाट भाग’ निव्वळ योगायोगाने उगवतो. ज्याला नोड म्हणून वहीत अधोरेखित केले जाते तो बहुतेक वेळा हाच योगायोग असतो.

याची परीक्षा घेणे अवघड नाही, आणि मला सर्वात खटकते ते हे की ही परीक्षा घेतली जात नाही. तीच दहा वजने, त्याच पावडरच्या त्याच डब्यातून, त्याच नळीसाठी पुन्हा एकदा भरून झाडावीत. नोड खरा असेल तर तो त्याच जागी पुन्हा दिसला पाहिजे. तो जागा बदलत असेल तर तो त्या रायफलीचा गुणधर्म नव्हता. हॉर्नडी या अमेरिकेतल्या गोळ्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे अभियंते अलीकडच्या काही वर्षांत जाहीरपणे हेच सांगत आले आहेत की गोळ्यांची संख्या वाढवली की असे सपाट भाग विरघळून जातात. कंपनीचे नाव मोठे म्हणून हे मान्य करावे असे मी म्हणणार नाही, कारण वरचा हिशेब कागद-पेन्सिलीने कोणालाही करता येतो.

नोडच्या समर्थनार्थ एक भौतिक कारण पुढे केले जाते: गोळी सुटताना नळी थरथरते, आणि नळीचे टोक क्षणभर स्थिर असते त्याच वेळी गोळी बाहेर पडली तर ती अचूक जाते. नळी थरथरते हे खरेच आहे. फ्रँकलिन मॅन या मॅसॅच्युसेट्समधल्या वैद्यक शिकलेल्या संशोधकाने आयुष्याची बरीच वर्षे या प्रश्नासाठी दिली आणि १९०९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळ्या काँक्रीटच्या जड आधारावर बसवून त्याने जे प्रयोग केले, ते वाचताना आजही त्याच्या चिकाटीचा आदर वाटतो. ब्रिटिश नेमबाजांना ली-एनफिल्ड रायफलीचा एक खास गुण माहीत होता. तिच्या नळीच्या हालचालीमुळे हळू गोळी किंचित वरच्या कोनात आणि जलद गोळी किंचित खालच्या कोनात सुटे, त्यामुळे ९०० ते १,००० यार्डांच्या पल्ल्यावर दोन्ही जवळजवळ एकाच उंचीवर पोहोचत. परंतु हा फायदा एका ठराविक लांब पल्ल्यापुरता होता, जवळच्या पल्ल्यावर त्याच कारणाने उभा पसारा वाढे, आणि तो गुण त्या रायफलीच्या रचनेतून आलेला होता, पावडरच्या पाव ग्रेनमधून नव्हे.

आकड्यांनी पाहिले तर फरक अधिक स्पष्ट होतो. गोळी शिकारी रायफलीच्या नळीत सुमारे सव्वा सहस्रांश सेकंद असते. वेगात १० फुटांचा बदल झाला तर हा काळ सुमारे पाच दशलक्षांश सेकंदांनी बदलतो. नळीची एखादी थरथर सेकंदाला हजार वेळा होत असली तरी तिच्या एका पूर्ण आवर्तनाला या फरकाच्या दोनशे पट वेळ लागतो, आणि नळीचे मुख्य वाकणे तर याहून कितीतरी संथ असते. पावडरच्या दोन शेजारच्या पायऱ्यांमध्ये नळीचे टोक ‘हलते’ वरून ‘स्थिर’ होते, हे या काळाच्या मापात बसत नाही.

त्यात हवामानाची अडचण निराळी. पावडर तापमानानुसार कमी-अधिक वेग देते. काही पावडरी, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात बनणारी आणि हॉजडन कंपनी अमेरिकेत विकते ती, हा परिणाम कमी व्हावा म्हणून मुद्दाम तयार केलेल्या आहेत. तरीही तो पूर्ण नाहीसा होत नाही. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या उन्हात शोधलेला नोड नोव्हेंबरमध्ये वायोमिंगच्या थंडीत वेगाच्या हिशेबाने काही पायऱ्या सरकलेला असणार. अचूकता खरोखर त्या अरुंद पट्टीवर अवलंबून असती, तर उन्हाळ्यात ट्यून केलेली प्रत्येक रायफल हिवाळ्यात बिघडायला हवी होती. तसे घडत नाही, आणि शिकारी लोकांना हे अनुभवाने ठाऊक आहे.

आता तीन गोळ्यांच्या गटाकडे वळू, कारण माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच वाक्याने केले आहे. गट म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा, आणि तो सर्वात दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधल्या अंतराने मोजतात. शंभर यार्डांवर १.०४७ इंच म्हणजे कोनाचे एक मिनिट. बोलण्यात सर्वजण त्याला एक इंच धरतात. या मोजमापाचा अंगभूत दोष असा की गोळ्या जितक्या वाढतील तितका गट मोठाच होतो, लहान होऊ शकत नाही. गोळ्या एका मध्याभोवती नेहमीच्या रीतीने विखुरतात असे धरले तर तीन गोळ्यांचा सरासरी गट विचलनाच्या २.४ पट, पाच गोळ्यांचा ३.१ पट आणि दहा गोळ्यांचा ३.८ पट येतो. म्हणजे जी रायफल तीन गोळ्यांत सरासरी एक इंच देते, तीच काहीही न बिघडता दहा गोळ्यांत सरासरी १.६ इंच देईल. ‘माझी रायफल एक इंचाची आहे’ हे वाक्य किती गोळ्यांचे ते सांगितल्याशिवाय अर्थहीन आहे.

सरासरीपेक्षाही गंभीर गोष्ट चढउताराची आहे. तीन गोळ्यांचे गट इतके डोलतात की सरासरी एक इंच देणारी रायफल बारा ते पंधरा गटांत एकदा अर्ध्या इंचाचा गट सहज देते. आता काडतुसे भरणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. पावडरची आठ-दहा वजने आणि गोळी किती खोल बसवायची याची चार-पाच मापे मिळून तो साधारण पंधरा वेगवेगळ्या भरणी तपासतो, प्रत्येकी तीन गोळ्यांनी. या पंधराही भरणी एकमेकींसारख्याच असल्या, त्यांच्यात तसूभरही फरक नसला, तरी तीनपैकी दोन वेळा किमान एक गट अर्ध्या इंचाचा निघेलच. तो माणूस त्या गटाचे छायाचित्र काढतो, बाकीचे चौदा कागद टाकून देतो आणि रायफल ट्यून झाली असे मनापासून मानतो. त्याचा हेतू प्रामाणिक असतो, श्रमही खरे असतात. म्हणूनच त्याला चुकीची रीत शिकवणाऱ्या विधानाचा मला राग येतो. पुढच्या आठवड्यात तीच भरणी सव्वा इंच देते, तेव्हा तो पावडर, प्रायमर, हवा, स्कोप अशा सर्वांवर संशय घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू करतो.

वेगाच्या विचलनाचेही असेच आहे. पाच गोळ्यांवरून मोजलेले १० फुटांचे विचलन म्हणजे खरे विचलन ६ ते २९ फुटांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढेच शंभरात पंचाण्णव वेळा खात्रीने म्हणता येते. तीस गोळ्या झाडल्या तर ही मर्यादा ८ ते साडेतेरा फुटांपर्यंत आवळते. पाच गोळ्यांवर ४ फूट आणि ९ फूट अशा दोन भरणींची तुलना करून एकीला श्रेष्ठ ठरवणे हा वेळेचा आणि पावडरचा अपव्यय आहे.

बाहेर गेलेली गोळी सोडून देण्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ट्रिगर दाबताना हात हलला हे नेमबाजाला छिद्र दिसण्याआधी जाणवले आणि त्याने ते तेव्हाच सांगितले, तर ती गोळी बाजूला ठेवता येते. छिद्र पाहिल्यानंतर आठवलेली चूक ग्राह्य धरू नये. ज्या गोळ्या गट मोठा करतात त्याच नेमक्या ‘आपल्या चुकीच्या’ आणि ज्या गट लहान ठेवतात त्या सर्व रायफलीच्या, ही वाटणी हिशेबात चालत नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. शिकारी म्हणतो, ‘माझी नळी पातळ आहे, दहा गोळ्यांत ती तापून गोळ्या भरकटतात, हरणावर मला थंड नळीतून एकच गोळी झाडायची असते, मग दहा गोळ्यांचा गट मला काय सांगणार?’ पातळ नळी तापल्यावर नेम सरकू शकतो, विशेषतः तिच्या पोलादातला ताण नीट काढलेला नसेल तर, हे खरे आहे. पण यातून तीन गोळ्या पुरेशा आहेत असा निष्कर्ष निघत नाही. त्याने तीन-तीन गोळ्याच झाडाव्यात, मधे नळी पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि चार वेगवेगळ्या दिवशी त्याच कागदावर, त्याच नेमावर झाडाव्यात; किंवा कागद वेगळे असतील तर नेमबिंदू जुळवून सर्व छिद्रे एकाच पारदर्शक कागदावर उतरवावीत. बारा गोळ्यांचा तो पसारा थंड नळीचा खरा पसारा असेल. गटाचा मध्य रोज थोडा सरकत असेल तर तेही त्यात दिसेल, आणि शिकारीत ते गटाच्या आकाराइतकेच महत्त्वाचे असते. एकट्या अर्ध्या इंचाच्या गटात ही माहिती कधीच सापडत नाही.

जे लोक अचूकतेवर स्पर्धा करतात त्यांनी तीन गोळ्यांवर कधी विश्वास ठेवलेला नाही. बेंचरेस्टच्या, म्हणजे टेबलावरच्या टेकूवरून नेमबाजीच्या, जवळच्या पल्ल्याच्या स्पर्धांत पाच-पाच गोळ्यांच्या पाच गटांची सरासरी धरतात, पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट इथल्या हजार यार्डांच्या जुन्या स्पर्धेत जड रायफलींसाठी दहा गोळ्यांचा गट असतो. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल तीन प्रकारांत कांस्यपदक मिळवले, त्या स्पर्धेची पात्रता फेरी साठ गोळ्यांची असते. .२२ रिमफायर काडतुसात पेटणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते रिकामे झाल्यावर पुन्हा भरता येत नाही, आणि तिथे ट्यूनिंगचा अर्थच वेगळा होतो. काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मोठ्या संख्येने झाडून पाहणे आणि त्यातला जुळणारा लॉट पुरेसा विकत घेऊन ठेवणे, हे त्या खेळातले ट्यूनिंग. त्यात नोड शोधायला जागाच नाही, तरी अचूकता जगातल्या सर्वोत्तमांपैकी आहे.

गोळी नळीतल्या आट्यांपासून (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचांपासून) किती अंतरावर असावी, हा प्रश्न नोडच्या शोधात दोन-तीन सहस्रांश इंचांच्या पायऱ्यांनी सोडवायला सांगतात. काही गोळ्या, विशेषतः लांब आणि निमुळत्या आकाराच्या, या अंतराला खरोखर संवेदनशील असतात, पण त्या फरकाचा शोध मोठ्या पायऱ्यांनी घ्यायचा असतो. नळीचा घसाच काही शे गोळ्यांनंतर त्या दोन-तीन सहस्रांशांहून अधिक झिजलेला असतो. शिवाय वेदरबी कंपनीच्या मॅग्नम रायफलींच्या चेंबरपुढे (काडतूस बसते त्या पोकळीपुढे) कित्येक दशके मुद्दाम मोठी मोकळी जागा ठेवली जात होती, आणि त्यांनी चांगले गट दिले आहेत.

मग शिकारी रायफलीत सुधारणा कशाने होते? बहुतेक वेळा पावडरच्या तराजूपासून दूर असलेल्या गोष्टींनी. स्कोपचे माउंट सैल असणे, दस्त्याचे स्क्रू असमान आवळलेले असणे, दस्ता ॲक्शनला (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला) नीट टेकलेला नसणे, नळीच्या तोंडाची कड सफाईच्या सळईने खरचटलेली असणे, ट्रिगर जड आणि खरखरीत असणे. नळीचे तोंड महत्त्वाचे का, हेही मॅनच्या प्रयोगांतून कळते. गोळीचे टोक बिघडले तर पसारा फारसा वाढत नाही, पण तिचे बूड वाकडे झाले तर तो झपाट्याने वाढतो. आणि नळीतून शेवटी बाहेर पडते ते गोळीचे बूडच. नळी दस्त्यापासून पूर्ण मोकळी ठेवावी हा सल्लाही सरसकट लागू होत नाही. रेमिंग्टन ७०० च्या अनेक कारखानी रायफलींत दस्त्याच्या पुढच्या टोकाशी नळीला मुद्दाम दाब दिलेला असे, आणि काही पातळ नळ्या तो दाब काढल्यावर बिघडतात. हे बदल करून पाहताना गोळ्या मात्र पुरेशा झाडाव्यात, नाहीतर इथेही योगायोगच हाती लागतो. भरणीकडून मोठा फरक पडतो तो गोळीची जात आणि पावडरची जात बदलल्याने. दहा गोळ्यांच्या गटांनी तीन-चार वेगळ्या गोळ्या तपासणे हे एकाच गोळीसाठी पावडरचे पाव-पाव ग्रेन मोजत बसण्यापेक्षा कितीतरी फलदायी आहे.

आता धोक्याच्या वाक्याकडे. ‘वरचा नोड शोधा, दाब प्रायमरवरून कळतो.’ अमेरिकेतल्या उत्पादकांच्या प्रमाण संस्थेने, सामीने, .३०८ विंचेस्टरसाठी ६२,००० आणि .३०-०६ साठी ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ही कमाल सरासरी दाबमर्यादा ठरवली आहे, आणि ती चेंबरला लावलेल्या पीझो संवेदकाने मोजली जाते. प्रायमर हे मोजण्याचे साधन नाही. एका कंपनीच्या प्रायमरची वाटी मऊ असते, दुसरीची कडक. चेंबरमध्ये केसला, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाला, मागेपुढे जागा जास्त असेल तर कमी दाबातही प्रायमर सपाट दिसतो, आणि कडक वाटीचा प्रायमर मर्यादा ओलांडल्यावरही गोल कडा राखून असतो. बोल्ट उघडायला जड जाणे, केसच्या बुडावर चमकदार ठसा उमटणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्या काडतुसाची मर्यादा बहुधा आधीच मागे पडलेली असते. शिवाय पावडर वाढवली की दाब वेगापेक्षा जास्त चढा वाढतो, म्हणून शेवटच्या पन्नास फुटांची किंमत सर्वात जास्त असते. पावडरचा नवा लॉट, वेगळ्या कंपनीची जाड केस, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली काडतुसे, यांपैकी कोणतीही गोष्ट उरलेली मोकळीक खाऊन टाकू शकते. छापील तक्त्यातल्या सुरुवातीच्या वजनापासून चढावे आणि त्यातल्या कमाल आकड्याशी थांबावे, लक्षण दिसले तर त्याआधीच. वेगमापकावरचा वेग त्या तक्त्यातल्या वेगापेक्षा स्पष्टपणे जास्त येत असेल तर दाबही जास्त आहे असेच समजावे. तोंडाजवळ धरलेल्या पोलादी नळीच्या बाबतीत ‘थोडे वर गेलो तर काय होते’ हा प्रश्न कोणी हसत विचारला तर त्याला तिथेच थांबवावे.

पाचशे यार्डांच्या आश्वासनाबद्दल मला सर्वात जास्त बोलावेसे वाटते, कारण तिथे पणाला लागतो तो जिवंत प्राणी. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे आठ इंच व्यासाचा धरतात. ज्या रायफलीचा दहा गोळ्यांचा गट शंभर यार्डांवर दीड इंच आहे, म्हणजे जिची जाहिरातही कोणी करणार नाही, ती टेकूवरून झाडली तर ३०० यार्डांवर तिच्या स्वतःच्या पसाऱ्यामुळे या वर्तुळाबाहेर जाणाऱ्या गोळ्या तीनशेत एक इतक्या कमी असतात. रायफल आणखी निम्मी अचूक केली तर हा आकडा जवळजवळ शून्य होईल, पण शिकाऱ्याच्या दृष्टीने सुधारलेले काहीच नसेल. त्याच ३०० यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८ ची नेहमीची गोळी सहा-सात इंच बाजूला नेतो. वारा पाच मैल चुकीचा ओळखला तर अर्धे वर्तुळ तिथेच संपले. वेगातला ३० फुटांचा फरक १०० यार्डांवर इंचाच्या सोळाव्या भागाइतका, ३०० यार्डांवर अर्ध्या इंचाहून थोडा जास्त, आणि १,००० यार्डांवर आठ ते दहा इंच उंचीचा फरक पाडतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धकाला विचलनाची चिंता का असते ते यावरून समजते, आणि हरणाच्या शिकाऱ्याला ती का नसावी हेही. लागलेली धाप, गुडघ्याचा टेकू, थंडीने आखडलेली बोटे, समोर अर्धवट वळलेले हरीण, गोळी पोहोचेपर्यंत त्याने टाकलेले एक पाऊल, यांतले काहीही नोड दुरुस्त करत नाही. अर्ध्या इंचाचा कागद खिशात आहे म्हणून पल्ला दोनशे यार्डांनी वाढवणारा माणूस जखमी होऊन झाडीत निघून गेलेल्या प्राण्याचा हिशेब कशात धरतो, हे त्याने स्वतःला विचारावे.

राहिले कारखान्याच्या काडतुसाचे. सिएराची १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी घातलेले फेडरलचे गोल्ड मेडल हे .३०८ चे काडतूस कित्येक वर्षे नवी रायफल पारखण्याचे माप म्हणून वापरले जात आहे. हाताने भरलेली काडतुसे त्याच्या बरोबरीला येतात, कधी पुढेही जातात, पण ‘कारखान्याचे कधीच नाही’ हे विधान या एका डब्यापुढेही उभे राहत नाही.

हाताने भरण्याचे खरे मोल निवडीच्या स्वातंत्र्यात आहे, आणि ते मला मनापासून मोलाचे वाटते. जॉन नॉस्लर यांची गोळी १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसच्या (हरणाच्या एका मोठ्या जातीच्या प्राण्याच्या) खांद्यावर फुटून वाया गेली. त्यातून त्यांनी मधे तांब्याची भिंत असलेली, पुढचा भाग उमलणारी आणि मागचा भाग आत शिरणारी गोळी बनवली. सुरुवातीची अनेक वर्षे ही गोळी हाताने काडतुसे भरणाऱ्यांनाच मिळत असे. आज तोच प्रसंग शिशाविना गोळ्यांच्या बाबतीत आला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही, कारण जखमी किंवा सोडून दिलेल्या प्राण्यातले शिसे काँडोर गिधाडांच्या पोटात जाते. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, केसमधली जास्त जागा घेते आणि स्थिर राहण्यासाठी तिला अधिक वेगाने फिरवावे लागते. म्हणून शिशाच्या गोळीचा तक्ता तिला चालत नाही, तिच्यासाठी गोळीच्या उत्पादकाचा स्वतंत्र तक्ताच वापरावा लागतो. तांब्याकडे वळणाऱ्याने सर्वात आधी नळीच्या आट्यांचा पीळ किती इंचांत एक फेरा पूर्ण करतो ते पाहावे. हा आकडा अनेक नळ्यांवर कोरलेला असतो, आणि नसेल तर रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, सफाईच्या फिरत्या सळईवर घट्ट चिंधी लावून आणि सळईवर एक खूण करून तो घरच्या घरी मोजता येतो.